बिलियर्ड्सच्या खोलीतून शर्यतीच्या मैदानावर : घरच्या गॅरेजात घडलेल्या रेसिंग कारचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ साल १९४८. उत्तर लंडनमधील एका घराच्या मागे असलेले छोटेसे गॅरेज. आत एक जुनी, कुणालाही विकत नको असलेली मोटार आणि तिच्याभोवती हातोडी, करवत, प्लायवूड व ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन खटपट करणारा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी. गॅरेज त्याचे स्वतःचे नव्हते, ते त्याच्या मैत्रिणीच्या आईवडिलांचे होते. त्या खटपटीतून जी ओबडधोबड गाडी बाहेर पडली, तिच्यापासून पुढे जगातील सर्वांत नामांकित रेसिंग कंपन्यांपैकी एक जन्माला आली. विद्यार्थ्याचे नाव कॉलिन चॅपमन आणि गाडीचे नाव लोटस.

२/ शर्यतीची मोटार म्हटली की डोळ्यांपुढे येतात ते प्रचंड कारखाने, कोट्यवधींचे अंदाजपत्रक आणि शेकडो अभियंते. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर या खेळाचा नकाशा बदलला तो घरांमागच्या शेडमध्ये, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात आणि भाड्याच्या तबेल्यात. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर १९४८ च्याही मागे, १९२१ पर्यंत जावे लागते. कारण चॅपमनच्या गॅरेजात उभी असलेली ती जुनी मोटारसुद्धा एका घरातच आखली गेली होती, तीही चक्क बिलियर्ड्स खेळण्याच्या खोलीत!

३/ पहिले महायुद्ध संपले तेव्हा सर हर्बर्ट ऑस्टिन यांची बर्मिंगहॅमजवळील मोटार कंपनी मोठी होती, पण तिचा पाया खचत चालला होता. युद्धकाळातील कंत्राटे संपली आणि मोठ्या, महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. १९२१ साली ब्रिटिश सरकारने मोटारींवर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड असा कर बसवला. मोठे इंजिन म्हणजे मोठा कर, हे समीकरण झाले. त्याच वर्षी कंपनीचा कारभार धनकोंच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती गेला. सामान्य कुटुंबाला परवडत होती ती फक्त साइडकार जोडलेली मोटारसायकल. पावसात भिजत, चिखल अंगावर घेत प्रवास करणारे हेच कुटुंब ऑस्टिन यांना आपले भावी गिऱ्हाईक वाटू लागले.

४/ संचालक मंडळाला ही कल्पना पसंत नव्हती. छोट्या गाडीत पैसा घालणे म्हणजे बुडत्या जहाजात आणखी दगड भरणे, असे त्यांचे मत होते. ऑस्टिन यांनी वाद घालत बसण्याऐवजी कारखान्यातील स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला आपल्या ‘लिकी ग्रेंज’ या राहत्या घरी बोलावून घेतले. तेथील बिलियर्ड्सच्या खोलीत दोघांनी गाडीचे आराखडे तयार केले. एजला परदेशी छोट्या मोटारींचा व मोटारसायकलींचा चांगला अभ्यास होता आणि चार सिलिंडरांचे छोटे इंजिनही किफायतशीर ठरेल, हे त्याने आपल्या वयोवृद्ध मालकाला पटवून दिले. अनेक कल्पनांची पेटंटे ऑस्टिन यांनी स्वतःच्या नावे घेतली आणि कंपनीकडून प्रत्येक गाडीमागे दोन गिनी स्वामित्वशुल्क ठरवून घेतले.

५/ १९२२ साली ही गाडी लोकांसमोर आली. नाव साधेच, ‘ऑस्टिन सेव्हन’. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सहा फूट तीन इंच. वजन साधारण ३६० किलो, म्हणजे एखाद्या भरल्या अंगाच्या मुऱ्हा म्हशीपेक्षाही कमी. इंजिन आरंभी ६९६ सीसीचे होते, ते लवकरच ७४७ सीसीचे झाले. किंमत १६५ पौंड. पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी या गाडीची यथेच्छ टिंगल केली. खेळण्यातली गाडी, आंघोळीचे टब अशी विशेषणे तिला मिळाली. पण चार चाके, चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक आणि घरातील माणसांना बसायला जागा, असे सारे काही देणारी ती ‘खरी’ मोटार होती. साइडकारमध्ये भिजणाऱ्या कुटुंबांनी तिला डोक्यावर घेतले.

६/ आपल्या कथेच्या दृष्टीने या गाडीची रचना फार महत्त्वाची आहे. तिची चासी इंग्रजी ‘ए’ या अक्षरासारखी होती : पुढे निमुळती, मागे फाकलेली. पुढच्या टोकाला एकच आडवा पाट्यांचा स्प्रिंग आणि मागे दोन अर्धवट कापल्यासारखे दिसणारे छोटे पाटे. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, स्टिअरिंग हे सारे या सांगाड्यावर बसत असे आणि वरची बॉडी केवळ बोल्टांनी अडकवलेली असे. म्हणजेच बोल्ट सोडून बॉडी उचलून बाजूला ठेवली, तरी खालचे यंत्र चालूच शकत होते! ज्याच्याकडे पाने, हातोडी आणि दोन सशक्त मित्र होते, त्याला गाडीचे रूप पालटण्यासाठी कारखान्याची गरज नव्हती.

७/ दोषही कमी नव्हते. क्रँकशाफ्टला आधार फक्त दोन बेअरिंगांचा, एक पुढे आणि एक मागे. वेग वाढला की मधला भाग वाकू पाही. ब्रेकची तऱ्हा तर विलक्षण होती : सुरुवातीच्या वर्षांत पायाखालचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा ब्रेक पुढच्या चाकांना लागत असे. वळणावर गाडी एका बाजूला कलली की मागचा आस किंचित फिरे आणि चालकाच्या इच्छेविरुद्ध गाडी स्वतःच थोडी ‘वळण’ घेई. पण याच दोषांनी पुढे एका पिढीला अभियांत्रिकी शिकवली. जिथे सगळेच आलबेल असते, तिथे विद्यार्थ्याला करण्यासारखे फारसे उरत नाही.

८/ शर्यतीचे वेड या गाडीला लवकरच लागले. १९२३ साली ऑस्टिन यांचे जावई कॅप्टन आर्थर वेट यांनी इटलीतील मोंझा येथे छोट्या गाड्यांची शर्यत सेव्हनमध्ये बसून जिंकली. पुढे कारखान्याने ‘अल्स्टर’ नावाचे शर्यतीचे रूप बाजारात आणले. १९३० मध्ये ब्रुकलँड्सच्या मैदानावरील ५०० मैलांच्या शर्यतीत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च या जोडीने अल्स्टर पळवली. इंजिनाच्या आकारानुसार कमीअधिक सवलत देणारी ती हँडिकॅप शर्यत होती हे खरे, पण ७४७ सीसीच्या गाडीने पाचशे मैल ताशी ८३ मैलांहून अधिक सरासरी राखावी आणि अवाढव्य बेंटली गाड्यांच्या पुढे निकाल लावावा, ही गोष्ट तरुणांच्या मनात घर करून बसली.

(हा अर्ल ऑफ मार्च लक्षात ठेवावा. तो या कथेत पुन्हा येणार आहे.)

९/ दरम्यान सेव्हन देशोदेशी पोहोचली. जर्मनीतील आयझेनाख येथे ती ‘डिक्सी’ या नावाने परवान्याखाली बनू लागली. १९२८ साली बीएमडब्ल्यू या कंपनीने डिक्सीचा कारखाना विकत घेतला आणि तिची पहिली मोटार ठरली ती मूळची ही ऑस्टिन सेव्हनच. फ्रान्समध्ये रोझेनगार्टने आणि अमेरिकेत अमेरिकन ऑस्टिन कंपनीने तिची आवृत्ती काढली. ब्रिटनमध्ये १९३९ साली उत्पादन थांबले, तोवर सुमारे २ लाख ९० हजार गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. एवढ्या मोठ्या संख्येचा परिणाम उघड होता. भंगारवाल्यांच्या आवारात, शेतांच्या बांधावर, गल्लीबोळांत जुन्या सेव्हन पडून राहू लागल्या आणि थोड्याशा पैशांत मिळू लागल्या.

१०/ १९३९ सालीच ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने सेव्हनवेड्यांचा ‘७५० क्लब’ स्थापन झाला. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि शर्यती थांबल्या. ब्रुकलँड्सचे मैदान विमाननिर्मितीसाठी गेले, ते शर्यतींसाठी पुन्हा कधीच उघडले नाही. युद्ध संपले तेव्हा ब्रिटन जिंकलेला होता, पण कंगाल झालेला होता. पोलाद रेशनवर, पेट्रोल रेशनवर, आणि नव्या मोटारी बहुतेक सगळ्या परकीय चलनासाठी परदेशी रवाना. सैन्यातून परतलेल्या तरुणांकडे मात्र दोन गोष्टी होत्या : युद्धाने शिकवलेले यंत्रज्ञान आणि ओस पडलेले विमानतळ. सिल्व्हरस्टोन हा असाच एक विमानतळ. गुडवूडचे मैदानही लढाऊ विमानांच्या तळाभोवतीच्या रस्त्यावर तयार झाले. १९४८ साली ते सुरू करणारा जमीनदार होता तोच अर्ल ऑफ मार्च, आता ड्यूक ऑफ रिचमंड झालेला.

११/ मैदाने होती, माणसे होती, गाड्या मात्र नव्हत्या. येथेच ‘स्पेशल’ या शब्दाचा उदय व्हावा लागला असे नाही, तो जुनाच होता. पण त्याला चळवळीचे रूप आले ते आता. ‘स्पेशल’ म्हणजे कोणत्याही कारखान्याच्या यादीत नसलेली, एका माणसाने आपल्या गरजेनुसार घडवलेली गाडी. ती कशी घडे?

पहिली पायरी : भंगारातली सेव्हन आणायची, बोल्ट सोडून सडलेली बॉडी काढून टाकायची.
दुसरी : चासीच्या उघड्या पन्हाळीसारख्या पट्ट्यांना खालून पत्रा वेल्ड करून त्यांची पेटी बनवायची, म्हणजे सांगाडा पिळवटत नाही.
तिसरी : स्प्रिंगचे पाटे सपाट करून गाडी जमिनीजवळ आणायची.

१२/ चौथी पायरी धाडसाची. पुढचा अखंड आस मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे मध्यभागी खिळीवर फिरते बसवायचे, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसरे आपल्या जागी राहते. पाचवी : सिलिंडर हेड घासून दाब वाढवायचा, व्हॉल्व्हना दुहेरी स्प्रिंग घालायचे. सहावी : तारांच्या ब्रेकऐवजी दुसऱ्या एखाद्या मोटारीचे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवायचे. आणि शेवटी लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून, ठोकून बॉडी करायची. मागचा भाग होडीच्या नाळेसारखा निमुळता केला की १९२० च्या दशकातील ग्रांप्री गाड्यांचा थाट आपोआप येई. मोजमापाला घरातला मोजपट्टा आणि जमिनीवर खडूने काढलेल्या रेषा पुरत.

१३/ ७५० क्लबने या उत्साहाला शिस्त लावली. त्यांनी आखलेल्या ‘७५० फॉर्म्युला’ची मूळ अट सोपी होती : इंजिन आणि चासी ऑस्टिन सेव्हनचीच हवी. श्रीमंताला महागडे इंजिन आणून जिंकता येऊ नये आणि कारकुनाला, शिक्षकाला, फिटरला पगारातून शर्यतीत उतरता यावे, हा त्यामागचा हेतू होता. नियमांनी पैशाची वाट अडवली तेव्हा बुद्धीची वाट मोकळी झाली. जॅक फ्रेंच या क्लब-सभासदाची ‘सिम्प्लिसिटी’ नावाची स्पेशल आजही तिच्या साधेपणासाठी आठवली जाते. पुढे १९५८ मध्ये एल. एम. विल्यम्स यांचे ‘ऑस्टिन सेव्हन स्पेशल्स’ हे पुस्तक आले आणि गॅरेजातली ही विद्या छापील झाली.

१४/ आता पुन्हा चॅपमनकडे वळू. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो बांधकामाची अभियांत्रिकी शिकत होता आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात विमान चालवायला शिकत होता. फावल्या वेळात एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ च्या ऑक्टोबरात सरकारने खासगी मोटारींचे मूलभूत पेट्रोल रेशनच बंद केले. ज्या गाडीत पेट्रोल घालता येत नाही, ती विकत कोण घेणार? धंदा एका रात्रीत कोसळला. होत्या-नव्हत्या गाड्या मिळेल त्या भावाने विकून टाकल्यावर शेवटी एकच मागे राहिली, एक जुनी ऑस्टिन सेव्हन. चॅपमनची पहिली गाडी त्याने हौसेने निवडलेली नव्हती. ती न खपलेला माल होती.

१५/ मात्र या मालाकडे तो मेकॅनिकच्या नजरेने पाहत नव्हता. पूल आणि इमारती ताण कसा पेलतात, हे तो वर्गात शिकत होता. विमानाची बॉडी केवळ झाकण नसते, तीही भार उचलते, हे तो विमानतळावर पाहत होता. त्याने सेव्हनची जुनी बॉडी उतरवली आणि ॲल्युमिनियमचा थर चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी अशी रचली की आडव्या भिंतींमुळे तीच चासीला ताठ ठेवू लागली. डोंगराळ, चिखलाच्या वाटांवर चालणाऱ्या ‘ट्रायल’ स्पर्धांत ही गाडी उतरली. नोंदणी क्रमांक होता ओएक्स ९२९२. नाव ठेवले ‘लोटस’, म्हणजे कमळ. चिखलात उतरणाऱ्या गाडीला हे नाव मराठी माणसाला चपखल वाटेल, परंतु त्यामागचे खरे कारण चॅपमनने कधीच उघड केले नाही.

१६/ या कथेतील एक नाव बहुधा तळटीपेत ढकलले जाते : हेझल विल्यम्स. ज्या गॅरेजात पहिली लोटस घडली ते तिच्या आईवडिलांचे. कामात हात तिचा. स्पर्धेत चॅपमनच्या शेजारच्या आसनावरही ती बसे. आणि १९५२ च्या आरंभी ‘लोटस इंजिनिअरिंग’ उभी राहिली तेव्हा भांडवल म्हणून उपयोगी पडले ते तिने दिलेले २५ पौंड. पुढे १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला. ‘एकट्या माणसाने गॅरेजात क्रांती केली’ ही गोष्ट सांगायला सोपी असते, पण गॅरेज कुणाचे, पैसे कुणाचे आणि रात्री कंदील कुणी धरला, हे विचारले की तो एकटा माणूस फारसा एकटा उरत नाही.

१७/ १९५१ मध्ये चॅपमनने ७५० फॉर्म्युलासाठी तिसरी गाडी बनवली. या वेळी सोबत होते मायकेल व नायजेल ॲलन हे भाऊ आणि त्यांचे सुसज्ज गॅरेज. सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडरांना हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारी तोंडे दोनच होती. शेजारचे दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास घेत. चाळीत एकाच नळाला दोन बिऱ्हाडांनी पाइप लावावा तसा हा प्रकार. एकाने ओढले की दुसऱ्याला कमी. चॅपमनने मॅनिफोल्डमध्ये पातळ पडदी घालून प्रत्येक तोंडाचे दोन भाग केले आणि चौघांना चार स्वतंत्र वाटा दिल्या. गाडी इतरांना इतकी मागे टाकू लागली की पुढच्या हंगामासाठी ही युक्ती नियमाने बंद करण्यात आली. नियमाच्या अक्षरात राहून त्याच्या फटीतून निसटण्याची ही सवय चॅपमनला जन्मभर राहिली.

१८/ कंपनीचा पत्ता होता हॉर्नसी येथील रेल्वे हॉटेलमागचा जुना तबेला. हॉटेल चॅपमनचे वडील चालवत. येथे ‘मार्क सहा’ ही गाडी तयार झाली. सेव्हनची चासी आता पूर्ण सुटली होती. तिच्या जागी बारीक पोलादी नळ्यांचा त्रिकोणी जाळीचा सांगाडा आला, ज्याचे वजन अवघे २५ किलोच्या आसपास होते. ही गाडी सुट्या भागांच्या रूपात विकली जाई. यामागे करांचे गणित होते. तयार मोटारीवर खरेदीकर लागे, कधी किमतीच्या एक-तृतीयांश तर कधी दोन-तृतीयांश. मालकाने घरी जोडलेल्या गाडीला तो नव्हता. सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून लोटसने गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या क्रमाने वाचल्या, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

१९/ चॅपमन एकटा नव्हता. लंडनच्या दक्षिणेला सर्बिटन येथे चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. १९४६ मध्ये त्यांच्या मुलाने, जॉन कूपरने, मित्र एरिक ब्रँडनसह एक विचित्र बेत आखला. फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे पुढचे दोन भाग घ्यायचे आणि पाठीला पाठ लावून जोडायचे! म्हणजे चारही चाकांना स्वतंत्र स्प्रिंग मिळे. इंजिन मोटारसायकलचे, ५०० सीसीचे. मोटारसायकलप्रमाणे ते साखळीने मागची चाके फिरवणार होते, म्हणून सोयीसाठी ते चालकाच्या पाठीमागे बसवले. मोठा सिद्धांत वगैरे त्यामागे नव्हता. परंतु त्याच सोयीने पुढे जगातील सर्व रेसिंग कारची रचना बदलली.

२०/ तिसरे गॅरेज होते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात. लेस मॅक्लारेन यांचे तेथे पेट्रोल पंप आणि दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचा मुलगा ब्रूस नवव्या वर्षी पर्थेस या खुब्याच्या विकाराने आजारी पडला आणि सुमारे दोन वर्षे उपचारकेंद्रात खिळून राहिला. उठला तेव्हा डावा पाय किंचित आखूड झाला होता. मैदानी खेळांची वाट त्याच्यासाठी बंद झाली. वडिलांनी दुकानात जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर आणली, तीही सुट्या भागांच्या अवस्थेत. बाप-लेकांनी मिळून ती उभी केली. ब्रूस घरामागच्या जागेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वाटेवर ती फिरवून हात बसवू लागला.

२१/ १९५२ मध्ये पंधरा वर्षांच्या ब्रूसने मुरिवाय येथील टेकडीवरील शर्यतीत या गाडीसह पदार्पण केले आणि आपल्या गटात बाजी मारली. १९५९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेतील सेब्रिंग येथे फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली, तीही कूपरच्याच गाडीतून. १९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. आज फॉर्म्युला वनच्या मैदानावर मॅक्लारेन हे नाव दिसते, त्याच्या मुळाशी ती पेटीतून आलेली, हातांनी जुळवलेली सेव्हन आहे.

२२/ निकालांकडे पाहावे. १९५९ आणि १९६० : जॅक ब्रॅबम जगज्जेता, गाडी कूपर. १९६३ आणि १९६५ : जिम क्लार्क जगज्जेता, गाडी लोटस. स्वतःची इंजिने स्वतःच्या ओतकामशाळेत घडवणाऱ्या युरोपातील प्रतिष्ठित घराण्यांना हा धक्का होता. एन्झो फेरारी या मंडळींना ‘गॅरेजवाले’ म्हणून हिणवत, असे सांगितले जाते. शब्द अपमानासाठी वापरला होता, पण वर्णन म्हणून तो अचूक होता. गॅरेजवाल्यांकडे मोठे इंजिन नव्हते, म्हणून त्यांनी वजन घटवले. स्वतःची ओतकामशाळा नव्हती, म्हणून त्यांनी बाजारात मिळेल ते इंजिन घेऊन त्याची जागा, तोल आणि सांगाडा यांचा विचार केला. गरिबीने त्यांना योग्य प्रश्नापर्यंत आणून सोडले होते.

२३/ मात्र हा इतिहास केवळ विजयगाथा म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हलकेपणाची किंमत होती आणि ती माणसांनी मोजली. १९६८ मध्ये जिम क्लार्क हॉकेनहाइम येथे आणि १९७० मध्ये योखेन रिंट मोंझा येथे मरण पावला. दोघेही लोटसमध्ये होते. रिंट तर मृत्यूनंतर जगज्जेता ठरला. आणि २ जून १९७० रोजी ब्रूस मॅक्लारेन स्वतःच्याच कंपनीची नवी गाडी चालवून पाहत असताना अपघातात गेला. वय ३२. ठिकाण होते गुडवूड, चाळीस वर्षांपूर्वी अल्स्टर पळवून जिंकणाऱ्या त्या अर्लचे मैदान. सेव्हनच्या छायेत सुरू झालेले एक वर्तुळ तेथे असे पूर्ण झाले.

२४/ दुसरी किंमत इतिहासाने मोजली. प्रत्येक स्पेशलसाठी एक मूळ गाडी कापली गेली. कुण्या कुटुंबाने पहिली मोटार म्हणून घेतलेल्या, आसनांवर पोरांच्या खुणा असलेल्या कितीतरी सेव्हन अशा नाहीशा झाल्या. तेव्हा त्या भंगार होत्या, आज त्या वारसा ठरल्या असत्या. इंग्लंडमधील जुन्या मोटारींच्या मंडळींनी ‘व्हिंटेज’ची मर्यादा १९३० च्या अखेरीपर्यंत ठरवली आहे. मग १९३० च्या चासीवर १९५० मध्ये ठोकलेली बॉडी व्हिंटेज म्हणावी काय? आणि त्याच चासीवर आज कुणी हुबेहूब अल्स्टरची बॉडी चढवली तर? अस्सल अल्स्टर मोजक्याच होत्या, अल्स्टरसारख्या दिसणाऱ्या गाड्या मात्र आज कितीतरी आहेत.

२५/ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काही अभ्यासकांच्या मते घरगुती स्पेशल हाही आता ऐतिहासिक दस्तऐवज आहे. १९५० मधील एखाद्या फिटरने मारलेला रिव्हेट, त्याने कापलेला आस, चुकून जास्त वाकवलेला पत्रा, हे सारे त्या काळाची साक्ष देतात. अशी स्पेशल पुन्हा ‘मूळ’ रूपात नेण्यासाठी तिची बॉडी फेकून दिली, तर एक इतिहास वाचवताना दुसरा पुसला जातो. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या, मंदिरांच्या जीर्णोद्धारात नेमका हाच पेच उभा राहतो. कोणत्या थराला ‘खरे’ म्हणायचे, हे ठरवताना बाकीच्या थरांचे काय करायचे, याचेही उत्तर द्यावे लागते.

२६/ ती परंपरा मात्र संपलेली नाही. मार्क सहाची थेट वारसदार ‘लोटस सेव्हन’ १९५७ मध्ये आली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले आणि तिच्या वंशातील गाड्या आजही बनतात. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने केवळ २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, यावर पुस्तक लिहिले. भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची, चौकोनी नळ्या कापायच्या, वेल्ड करायच्या. ‘लोकॉस्ट’ या नावाने अशा गाड्या देशोदेशी बांधल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी शर्यतींची मालिकाही ७५० मोटर क्लबनेच सुरू केली. एका अर्थाने हे १९४८ चेच गॅरेज होते, फक्त सेव्हनच्या जागी एस्कॉर्ट आली होती.

२७/ आणि ती पहिली लोटस? चॅपमनने पुढची गाडी बांधण्यासाठी तिला विकून टाकले. गॅरेजवाल्यांचा तो रिवाजच होता : हातातली गाडी विकायची, त्या पैशांत दुसरी घडवायची. पुढे तिचा माग लागेनासा झाला. कंपनीने आणि चाहत्यांनी तिचा कसून शोध घेतला, पण ती सापडलेली नाही. कदाचित तीही कुणीतरी दुसऱ्या एखाद्या स्पेशलसाठी सुटी केली असेल. कदाचित इंग्लंडमधील एखाद्या शेडमध्ये, पोत्यांच्या ढिगाखाली, प्लायवूडची ती बॉडी अजून उभी असेल.

२८/ ब्रूस मॅक्लारेनची अल्स्टर मात्र टिकली. जगातील अत्याधुनिक रेसिंग गाड्या जेथे तयार होतात, त्या कंपनीच्या इंग्लंडमधील मुख्यालयात ही इवलीशी गाडी मानाने मांडण्यात आली. तिची चासी ‘ए’ या अक्षरासारखीच आहे, पुढचा स्प्रिंग आडवाच आहे. त्या रेषा पहिल्यांदा कागदावर उमटल्या तेव्हा एक कर्जात बुडालेला कारखानदार आणि अठरा वर्षांचा एक मुलगा बिलियर्ड्सच्या खोलीत बसले होते, आणि संचालक मंडळाचा त्यांना विरोध होता.

(समाप्त)